घेतल्यावर गाडी नको : आपल्या माणसाशी हे बोलणं कसं करावं

पगाराच्या शनिवारी चिंचोली एमआयडीसीतून सुटलेले चौघे पुणे रोडच्या एखाद्या ढाब्यावर बसतात आणि अकरा-साडेअकराला ज्याची त्याची गाडी काढून सोलापूरकडे निघतात. यातला कुणीही स्वतःला दारुडा म्हणवून घेणार नाही, आणि ते खरंही आहे. सोमवारी सगळे वेळेवर कामावर असतात, घराचे हप्ते थकलेले नसतात, पोरांची फी भरलेली असते. व्यसनमुक्ती केंद्राचा बोर्ड आपल्यासाठी आहे असं त्यांना कधी वाटणार नाही. म्हणून त्यांच्याशी कुणी धड बोलतच नाही. बायको चिडते, आई दाराकडे कान लावून जागी राहते, मित्र 'सावकाश जा' म्हणून हात हलवतात.

या माणसाशी कसं बोलावं, ते इथे क्रमानं लिहिलं आहे. दवाखान्याच्या भाषेत याला संक्षिप्त समुपदेशन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचं हे बोलणं फॅमिली डॉक्टर, नर्स, आशाताई, सुपरवायझर, ट्रान्सपोर्टचा मालक, थोरला भाऊ, मेहुणा यांपैकी कुणीही करू शकतं. मनात एकच गोष्ट पक्की हवी. आपण दारू सोडवायला बसलेलो नाही, दारू आणि गाडी यांची फारकत करायला बसलो आहोत. अनेकांना हे पचत नाही. 'अर्धवट काय सांगायचं, सरळ सोडच म्हणावं' असं घरची मंडळी म्हणतात. पण 'सोड' म्हटलं की समोरचा तिथेच कान बंद करतो, आणि पुढच्या शनिवारी गाडी तशीच ढाब्यावरून निघते.

नुसत्या बोलण्यानं फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेत अपघातात जखमी होऊन दाखल झालेल्या, जास्त पिणाऱ्या १२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार आणि माहिती दिली, काहींशी रुग्णालयातच साधारण अर्धा तास असं बोलणं केलं. पुढच्या तीन वर्षांत पिऊन गाडी चालवताना पकडले गेलेले पहिल्या गटात सुमारे २२ टक्के होते, दुसऱ्या गटात सुमारे ११ टक्के. त्याआधी १९९९ मध्ये सिॲटलच्या मोठ्या अपघात रुग्णालयातल्या अभ्यासातही, असं बोलणं झालेल्या रुग्णांत नव्या जखमांचं प्रमाण वर्षभरात जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं होतं.

हे कुठे चालत नाही

सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, घोटभर घेतल्याशिवाय ज्याला काम सुचत नाही, त्याला डॉक्टर लागतो. त्याच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी बाईची आणि मुलांची सुरक्षितता बघा. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर त्यासाठी आहेत.

आणि माणूस आत्ता चढलेल्या अवस्थेत किल्ली घेऊन समोर उभा असेल, तर समजूत काढत बसू नका. किल्ली काढून घ्या, रिक्षात बसवा किंवा तिथेच झोपवा. 'तू किती प्यायलास' हा वाद त्या वेळी घालूच नका. शिव्या खाव्या लागल्या तर खा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

कुणी आणि केव्हा बोलायचं

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे रात्री तो दारात आल्यावर. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे काहीतरी थोडक्यात निभावल्यानंतरचे एक-दोन दिवस. ऊस नेणाऱ्या ट्रॉलीच्या मागच्या चाकाशी जाऊन ब्रेक लागला, दुभाजकाला घासून गुडघा फुटला, ओळखीतल्या कुणाचा अपघात झाला, अशा वेळी माणूस आतून हललेला असतो. डॉक्टर आणि नर्सताईंना तर ही संधी ड्रेसिंगच्या टेबलावरच मिळते. जखम धुता धुता 'हे झालं तेव्हा थोडी घेतली होती का?' एवढं सहज विचारलं तरी बोलण्याला सुरुवात होते. आवाजात फिर्याद लिहून घेणाऱ्याचा सूर मात्र नको.

असा प्रसंग घडलेला नसेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, दोघंच असाल तेव्हा बोला. पोरांसमोर नको, सासरच्या माणसांसमोर तर मुळीच नको.

कुणी बोलावं, हा आपल्याकडे नाजूक प्रश्न आहे. बहिणीच्या नवऱ्याला मेहुणा काय सांगणार? दाजींचा मान असतो. थोरल्या भावाला धाकटा बोलला तर 'मला शिकवतो का' होतं. पण या पद्धतीत उपदेश करायचाच नसतो, विचारायचं असतं, आणि विचारण्यानं मान दुखावत नाही. बायकोवर मात्र हे काम टाकू नका. ती इतक्यांदा इतक्या परीनं बोललेली असते की तिचा पहिला शब्द निघाला की भांडण सुरू होतं. तिला नवऱ्याची पोलीस बनवणं हा तिच्यावरचा अन्यायही आहे.

परवानगी मागून सुरुवात करा

"दाजी, एक विचारू का? राग मानू नका."

"विचार की."

"परवा रात्री तुम्ही मोहोळकडनं आलात, तेव्हा ताई दीडपर्यंत जागी होती. तुमच्या घेण्याबद्दल मला काही बोलायचं नाही. गाडीबद्दल दहा मिनिटं बोलू का?"

तो 'नको' म्हणाला तर तिथेच थांबा. 'बरं, तुम्हाला वाटेल तेव्हा बोलू' म्हणा आणि चहा प्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारता येतं. बहुतेक माणसं 'बोल' म्हणतात, कारण आपण त्यांच्या बाटलीला हात लावलेला नसतो.

किती, ते मापात विचारा

'दारू पिता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' किंवा 'कधीतरी' येतं. 'बसता तेव्हा साधारण किती होते?' असं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीतले पहिले तीन प्रश्न इथे पुरतात : किती वेळा घेता, एका बैठकीला किती घेता, आणि सहा किंवा त्याहून जास्त मापं एका वेळी किती वेळा होतात. खरी अडचण असते ती मापाची.

"जास्त नाय बे. दोन-तीन पेग."

"तीसचा पेग की साठचा?"

"साठचाच की. तीसचा कोण घेतंय?"

"आणि बिअर?"

"उन्हाळा असला की आधी एक स्ट्राँग. घसा ओला करायला."

आता कागद घ्या. दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप. व्हिस्की किंवा रमचा ३० मि.ली.चा छोटा पेग म्हणजे साधारण एक माप, साठचा म्हणजे दोन. नाइन्टी म्हणजे तीन. १८० मि.ली.ची क्वार्टर म्हणजे सहा. साध्या पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मि.ली.ची बाटली अडीच मापांची, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग चार मापांची. हा शेवटचा आकडा ऐकून भलेभले चकित होतात, कारण बिअर म्हणजे दारू नव्हेच अशी पुष्कळांची समजूत असते. देशीच्या बाटलीवर टक्के छापलेले असतात. मि.ली.ला त्या टक्क्यांनी गुणा, शंभरनं भागा, मग ०.८ नं गुणा, ग्रॅम मिळतात.

हातभट्टी आणि ताडी यांचा असा हिशेब लागत नाही. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेऊन मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्टीवाल्यांना दुसरे धंदे उभे करून द्यायला सुरुवात केली. तरीही कुणी हातभट्टी घेत असेल तर त्याला एवढंच सांगा की त्या फुग्यात किंवा बाटलीत किती टक्के आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दाजींकडे परत येऊ. साठचे तीन पेग म्हणजे सहा मापं, वर स्ट्राँगची चार. 'दोन-तीन पेग' म्हणता म्हणता दहा छोटे पेग झाले. ही बेरीज तुम्ही करू नका, त्याला करू द्या. पेन त्याच्या हातात द्या. दहाचा आकडा स्वतःच्या अक्षरात समोर दिसला की तो थोडा गप्प होतो. त्या गप्प बसण्यात तोंड घालू नका.

मग गाडीचं विचारा, तेही शेवटच्या वेळेबद्दल. 'तुम्ही पिऊन गाडी चालवता का?' याला कुणी 'हो' म्हणत नाही. 'परवा ढाब्यावरनं घरी कसे आलात? मागं कोण होतं? हेल्मेट होतं का? असं महिन्यात साधारण किती वेळा होतं?' अशा प्रश्नांना उत्तरं मिळतात. आणखी एक प्रश्न सहसा राहून जातो : 'घेतलेल्या माणसाच्या मागं डबल सीट कधी बसलात का?' न पिणारी माणसंही इथे अडकतात.

घड्याळ आणि कायदा समोर ठेवा

माहिती थोडी द्या, पण नेमकी द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मि.ली. रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका छोट्या पेगनं हे प्रमाण साधारण २५ पर्यंत जातं. म्हणजे दुसऱ्या छोट्या पेगलाच, किंवा साठच्या पहिल्याच पेगला, मर्यादा ओलांडली जाते. बायकांमध्ये आणि किरकोळ अंगाच्या माणसांमध्ये त्याहून लवकर.

उतरण्याचा वेग तासाला सुमारे १५ मिलीग्रॅम धरतात. माणसागणिक तो कमी-जास्त असतो, पण कॉफी, लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची अंघोळ, उलटी यांपैकी कशानंही तो वाढत नाही. पोटभर मटण-भाकरी खाल्ली तर दारू रक्तात सावकाश मिसळते एवढंच. यकृताचं काम यकृत आपल्याच वेळेनं करतं.

दाजींचा हिशेब लावा. साडेआठला सुरुवात, दहा मापं. साठ ते सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात एवढ्या दारूचं प्रमाण दोनशेच्या वर जाऊ शकतं. झोपून उठल्यावर सकाळी आठला, डोकं हलकं वाटत असतानाही, ते तीसच्या वर असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे प्रश्न शनिवारच्या रात्रीपुरता राहत नाही. रविवारी सकाळी मुलीला क्लासला सोडायला जाणारा बापही अजून उतरलेला नसतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते, कारण रात्रीचा धोका सगळ्यांना ऐकून माहीत असतो, सकाळचा कुणाला माहीत नसतो. पहाटेच्या पाळीचे ड्रायव्हर, स्कूल व्हॅनवाले, मार्केट यार्डात भल्या सकाळी माल नेणारे टेम्पोवाले यांना हे आवर्जून सांगायला हवं.

हा हिशेब उलटा वापरला जाणार नाही याची काळजी घ्या. 'म्हणजे एक तीसचा घेतला तर चालेल' असं कुणी म्हणेल. चालणार नाही. टू-व्हीलरला तोल लागतो, आणि तोल, अंतराचा अंदाज, समोरच्या दिव्यानं दिपलेले डोळे सावरणं हे मर्यादेच्या आतच ढिलं पडायला लागतं. गाळप हंगामात मागं लाल दिवा नसलेल्या ऊसट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. त्या दिसायला पूर्ण शुद्धीतल्या माणसालाही उशीर होतो. गाडी चालवायची असेल तर माप शून्य.

शिक्षेचं दोन वाक्यांत सांगा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स निलंबित होऊ शकतं, आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनी नाकारू शकते. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी देणारा किंवा मदत करणाराही तेवढ्याच शिक्षेला पात्र ठरतो, हे 'अरे चल, काही होत नाही' म्हणणाऱ्या मित्रांना आणि चढलेल्या ड्रायव्हरला गाडीवर पाठवणाऱ्या मालकांना कुणी सांगत नाही.

एवढं झालं की थांबा आणि विचारा, 'यावर तुम्हाला काय वाटतं?'

शून्य ते दहाची पट्टी

कागदावर एक रेघ ओढा. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. 'घेतल्यावर गाडी न चालवणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?'

"चार."

इथे नव्वद टक्के माणसं चुकीचा प्रश्न विचारतील : 'चारच? दहा का नाही?' असं विचारलं की तो चार कसा बरोबर आहे तेच पटवून देत बसेल. उलटं विचारा. 'चार का म्हणालात? एक का नाही?'

"एक कसा असेल? पोरगी दहावीला आहे. मला काय झालं तर…"

हे वाक्य त्याच्या तोंडून निघावं म्हणून सगळी खटपट आहे. तुम्ही शंभर वेळा 'मुलीकडे बघा' म्हणाला असता तर ते त्याच्या कानावरून गेलं असतं. आता ते त्याचं स्वतःचं आहे. त्यावर भाषण करू नका. त्याचेच शब्द त्याला परत द्या : 'पोरीच्या दहावीच्या वर्षी काही व्हायला नको असं तुम्हाला वाटतं.' तो आणखी बोलेल. कुणाला आई आठवते, कुणाला नोकरी, तर कुणाला आदल्या वर्षी गेलेला मित्र. त्याला कोणतं कारण आठवायला हवं, हे तुम्ही ठरवू नका.

मग दुसरा प्रश्न : 'ठरवलं तर जमेल असं किती वाटतं?' इथे आकडा लहान आला तर 'तो एकानं वाढायला काय लागेल?' असं विचारा. याच उत्तरातून पुढची योजना निघते.

परतीची गाडी आधी ठरवा

पहिला पेग भरण्याआधी परतीचं ठरलेलं हवं. दुसऱ्या पेगनंतर ठरवणारं डोकंच जागेवर नसतं. योजना त्यानं निवडायची. तुम्ही फक्त पर्याय समोर ठेवायचे.

सर्वात भक्कम उपाय म्हणजे गाडी मुळात न नेणं. गाडी ढाब्याबाहेर उभी असली की 'एवढ्या लांब ठेवून कसं जायचं' ही सबब तयारच असते. कामावरून थेट बसायचं असेल तर गाडी कंपनीच्या पार्किंगमध्येच ठेवून यायचं. गल्लीतल्या एखाद्या रिक्षावाल्या मामांचा नंबर घेऊन ठेवायचा, येण्या-जाण्याचं भाडं आधीच बोलून ठेवायचं. चौघांत वाटलं तर ते एका नाइन्टीच्या आसपासचं पडतं.

हायवेवरच्या ढाब्याबाहेर रात्री अकराला रिक्षा मिळत नाही, हे खरं आहे. म्हणून बसायची जागाच बदलावी लागते. पुणे रोड, हैदराबाद रोड, तुळजापूर रोड सोडून घराजवळ, किंवा सरळ घरीच, गाडी आत लावून झाल्यावर. घेतलेल्या अवस्थेत हायवेच्या कडेनं चालत येणं हा उपाय नव्हे. तिथे चालणाराही उडवला जातो.

पाळीपाळीनं एकानं न पिण्याची पद्धतही चांगली आहे, पण 'न पिणारा' म्हणजे शून्य घेणारा. 'मी आज कमीच घेतो' म्हणणारा ड्रायव्हर नको. हुरड्याला शेतावर गेलात तर रात्री वस्तीवरच मुक्काम, अंथरूण-पांघरूण सोबत. लग्नाच्या वरातीत किल्ल्या न पिणाऱ्या एखाद्या मामांच्या खिशात आधीच जमा. आखाड, गड्ड्याची यात्रा, एकतीस डिसेंबर, लगीनसराई हे दिवस आधीच ठाऊक असतात, तेव्हा हे बोलणं त्यांच्या आठवडाभर आधी करा.

कमी पिण्याची तयारी तो स्वतःहून दाखवत असेल तर साठऐवजी तीसचा, प्रत्येक पेगनंतर ग्लासभर पाणी, स्ट्राँग बंद, इतक्या साध्या गोष्टी सुचवा. नसेल दाखवत तर तो विषय आज नको.

शेवटी योजना त्याच्याकडून एका वाक्यात म्हणून घ्या : 'शनिवारी बसायचं ठरलं, की गाडी कंपनीत ठेवीन आणि साडेदहाला मामांच्या रिक्षानं येईन.' त्यात दिवस, वेळ आणि वाहन हवं. 'बघू', 'शक्यतो टाळीन' यावर समाधान मानू नका, पण रागावूही नका. फक्त 'म्हणजे या शनिवारी नक्की कसं?' एवढंच विचारा.

'मला चढत नाही' म्हणाला तर

हे वाक्य येणारच. ज्याला चढत नाही त्याची सवय वाढलेली असते. रक्तातलं प्रमाण तेवढंच असतं, फक्त त्याला ते जाणवत नाही, आणि धोका न जाणवणं हाच मोठा धोका. पण हे वाद जिंकायला म्हणून सांगू नका. 'तुम्हाला जाणवत नाही हे खरं. यंत्रात आकडा मात्र तोच येतो,' एवढं पुरे.

'मी हळू चालवतो, आतल्या रस्त्यानं येतो' म्हणाला तर, 'म्हणजे धोका आहे हे तुम्हालाही वाटतं' असं म्हणून थांबा. 'पोलीस ओळखीचे आहेत' याला एकच उत्तर : ट्रॉली ओळखीची नसते. 'इतकी वर्षं झाली, काय झालं?' याला उत्तर देऊच नका. मुलीच्या दहावीवर परत या. तो चिडायला लागला तर तुम्ही जास्त ढकलताय असं समजा आणि एक पाऊल मागं या. माणूस चारचौघांत हट्ट करतो, एकटा असला की विचार करतो. त्याला विचार करायला जागा ठेवा.

पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा

एकदा बोलून सोडलं तर परिणाम विरतो. पुढच्या दोन शनिवारांनंतर पुन्हा भेटा. 'सुधारलात का?' हा प्रश्न नको. 'त्या शनिवारी कसे आलात?' असं विचारा. रिक्षानं आला असेल तर 'मित्र काय म्हणाले? तुम्ही काय सांगितलंत?' हेही विचारा, कारण अवघड काम तेच होतं. गाडी चालवत आला असेल तर कुठे बिघडलं ते शोधा. रिक्षा मिळाली नाही? कुणी हसलं? अचानक बसायचं ठरलं? योजना तेवढी दुरुस्त करा. ताईला एक सांगून ठेवा : तो रिक्षानं आला त्या रात्री पिण्यावरून भांडण नको, जेवायला वाढा.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी आणि कारखानदारांनी आणखी एक करावं. कंपनीच्या पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी त्या ड्रायव्हरला लावू नये. आणि 'काल जास्त झाली, आज चालवत नाही' असं खरं सांगणाऱ्याचा रोज कापू नये. रोज कापला, तर पुढच्या वेळी तो गप्प राहून स्टिअरिंगवर बसेल.

बोलणं पुरेसं नसेल तेव्हा

दोन-तीन वेळा मनापासून ठरवूनही जमत नसेल, प्रमाण वाढतच असेल, सकाळीच लागत असेल, तर पूर्ण दहा प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टरांकडून भरून घ्या. तिचे गुण ४० पैकी असतात. ८ किंवा जास्त म्हणजे पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त म्हणजे व्यसन जडल्याची शक्यता, तिथे तज्ज्ञ हवा. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवता येतं. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. हे नंबर फक्त पिणाऱ्यासाठी नाहीत, आई-बायकोही फोन करू शकतात.

रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम दारू बंद करायला लावू नका. घरचे चांगल्या हेतूनं हे करतात आणि माणूस दगावू शकतो. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, जोराचा थरकाप, ताप असा प्रकार होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देऊन हे टाळता येतं. अशी लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा, आणि शेवटचा पेग केव्हा घेतला, रोज किती घेत होता, हे डॉक्टरांना न लपवता सांगा.